ओल सांभाळणारा

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. नळाला पाणी सोडणारा माणूस अर्धा तास उशिरा आला की त्याला ऐकवते, शेजारीण कचरा माझ्या फाटकापर्यंत झाडत आणते तिला ऐकवते, डॉक्टरला ऐकवते, आणि आमच्या ह्यांना तर सकाळच्या चहाआधीच ऐकवून झालेलं असतं. हे म्हणतात, "हिच्या तोंडाला रविवारचीसुद्धा सुट्टी नाही." म्हणू देत. पण एका माणसाला मी अकरा वर्षं एक शब्दही तोडून बोलले नाही. तो म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचीच ही गोष्ट, आणि ती सांगताना मला माझाच राग येतो, हे आधीच सांगून ठेवते.

दादा कापडगिरणीत होता, पण मागावर नाही. तो तिथली ओल सांभाळायचा. कापडगिरणीत ओल सांभाळायला माणूस लागतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ताणलेला दोरा कोरडा पडला की तटातट तुटतो, दोरा तुटला की माग थांबतो, आणि माग थांबला की मुकादमाचं डोकं फिरतं. म्हणून छतापासून पाण्याचे बारीक फवारे सोडून हॉलमधली हवा कायम दमट ठेवायची. सव्वीस वर्षं दादानं ते केलं. भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असायचे. एक नुसता, दुसऱ्याच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळलेली. दोघांतला फरक घेऊन तक्त्यात बघितलं की हवेत किती टक्के ओल आहे ते कळतं. दादाला तक्ता लागायचाच नाही. दारातून आत आला की म्हणायचा, "बाहत्तर. तीन कमी." बघावं तर बाहत्तरच. सगळे त्याला फवारेभाऊ म्हणायचे. दोरा तुटला की विणकर आधी त्याच्याच नावानं हाका मारायचे.

मग गिरणी बंद पडली. आता मला सांगा, मला ओल सांभाळता येते, असं सांगून कुठं नोकरी मिळते? काही महिने तो एका शाळेच्या फाटकावर बसला, मग एका दुकानाच्या लिफ्टमध्ये. त्याच वर्षी वहिनी गेली. मूलबाळ नव्हतं. मी त्याला हाताला धरून घरी आणलं आणि मागची खोली दिली. तेव्हापासून दादा आमच्याकडे असा राहायचा, जसा काही आज आला आहे आणि उद्या जाणार आहे. पुढ्यात येईल ते खायचा. उन्हाळ्यात घामानं थबथबलेला असला तरी आधी विचारायचा, "पंखा लावू का गं?" सख्ख्या बहिणीच्या घरात!  म्हणून मी ठरवून टाकलं की ह्याला काही बोलायचं नाही. दुखऱ्या जागेवर कशाला बोट ठेवा.

आता कोंबड्यांचं सांगते. माझ्या कोंबड्या आईच्या कोंबड्यांच्या वंशातल्या. लग्न झालं तेव्हा आईनं दोन कोंबड्या आणि एक कोंबडा टोपलीत घालून दिला होता. करड्या ठिपक्यांच्या, मानेवर एक पीस नाही. दिसायला रूप म्हणाल तर शून्य. हे त्यांना "तुझ्या माहेरची माणसं" म्हणायचे. पण चिवट आणि खुडुकीला बसल्या की तीन आठवडे न हलणाऱ्या. चौतीस वर्षं मी ती जात राखली. बाजारात तशी कोंबडी मिळत नाही, मी शोधून पाहिलंय.

एक दिवस आम्ही तिघंही ह्यांच्या डोळ्यांसाठी दवाखान्यात गेलो होतो. परत आलो तर कुत्र्यांनी खुराड्याची जाळी फाडलेली. अकरा कोंबड्या आणि कोंबडा, सगळे गेले. अंगणभर पिसंच पिसं. मी तिथंच फतकल मारून बसले. रडले की कुत्र्यांना शिव्या दिल्या, आठवत नाही, बहुधा दोन्ही. आईची जात संपली असंच वाटलं.

तेव्हा दादा स्वयंपाकघरातून अंड्यांची टोपली घेऊन बाहेर आला. खुडुक कोंबडीखाली घालायला म्हणून आठवडाभर साठवलेली एकवीस अंडी होती त्यात.

"ही आहेत ना," तो म्हणाला.

"आता ती कोणाखाली घालू? माझ्याखाली?"

"यंत्र करू. ऊब द्यायला दिवा पुरतो. आणि ओल..." तो थांबला. मग म्हणाला, "ओल माझ्यावर सोड, मिरचे." लहानपणी तो मला मिरची म्हणायचा. कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून ते ऐकलं.

दोन दिवसांत त्यानं जुन्या बंद फ्रिजची अंडी उबवायची पेटी केली. दाराला काच बसवली, आत दोन दिवे, एक छोटा पंखा, ऊब साडेसदतीसला धरून ठेवणारं बटण, खाली पाण्याची ताटली. बाजूला हवेसाठी चार भोकं. आणि आत गिरणीतले ते दोन थर्मामीटर. गिरणी बंद झाली तेव्हा त्यानं ते भिंतीवरून काढून आणले होते आणि अकरा वर्षं ट्रंकेत कपड्यांखाली ठेवले होते. चिंधी मात्र नवी घातली. अंड्यांवर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे दिवसातून तीनदा फिरवताना चुकायला नको.

आणि दादा बदलला. रोज दाढी करायला लागला. इस्त्रीचा शर्ट घालून दर दोन तासांनी पेटीपुढं उभा राहायचा आणि वहीत आकडे मांडायचा. पासष्टच्या खाली ओल गेली की ताटलीत स्पंज घालायचा, पाणी वाढवायचा. हे म्हणाले, "फवारेभाऊ, पाळी बदलायची वेळ झाली, अंड्यांना भोंगा वाजवा." दादा हसला. खदखदून हसला हो. मला वाटलं, अंडी फुटायची तेव्हा फुटोत, माझा भाऊ तर बाहेर आला.

सातव्या दिवशी खोलीत अंधार करून अंड्यांमागं विजेरी धरली. दोन रिकामी होती, ती काढली. एकोणीस अंड्यांत रक्ताच्या बारीक शिरा दिसल्या, मधोमध एक ठिपका हलत होता. मी दादाचा हात घट्ट धरून ठेवला होता.

दहाव्या दिवशी मी कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या बाईकडे सहज गेले. ती पूर्वी अंडी उबवायच्या मोठ्या केंद्रात कामाला होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "पाणी किती?"

"पासष्ट टक्के," मी मोठ्या टेचात सांगितलं.

"पहिल्या दिवसापासून?" ती उठून उभी राहिली. "अहो, बुडवाल पिल्लांना! अठरा दिवस पंचेचाळीस पुरे. अंडं आतून थोडं सुकायला पाहिजे. सुकलं की बोथट टोकाला हवेची पोकळी वाढते, पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पोकळी लहान राहिली तर ते नाकातोंडात पाणी जाऊन आतच मरतं. जास्त ओल शेवटचे तीन दिवस, फुटताना. घरी जाऊन अंडी तोला. बावन्न ग्रॅमचं अंडं आज अठ्ठेचाळीसवर आलं पाहिजे."

घरी आले तेव्हा दादा झोपला होता. सुरुवातीची वजनं त्यानं वहीत लिहून ठेवलीच होती. मी स्वयंपाकाच्या काट्यावर तीन अंडी तोलली. बावन्नचं पन्नासवर होतं. बाकीची दोनही तशीच.

आता गंमत बघा. दुसरं कुणी असतं तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती. पण दादा उठल्यावर मी त्याला चहा दिला आणि अगदी हळू, तोंडात साखर धरून म्हणाले, "दादा, खाद्यवाली म्हणत होती, पाणी जरासं कमी ठेवतात म्हणे. तिचं आपलं म्हणणं हं."

दादानं कप खाली ठेवला. "सव्वीस वर्षं केलंय मी हे. कोरडं पडलं की तुटतं. कशाचंही असंच असतं. आता मला खाद्य विकणारी बाई शिकवणार?" त्याचा आवाज चढला नाही. तेच वाईट होतं. रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. आणि दुपारी पुन्हा विचारलं, "पंखा लावू का गं?"

माझा धीरच संपला. मी म्हणाले, "त्या बाईला काय कळतंय, मेली! तुझंच बरोबर आहे." आणि मूग गिळून गप्प बसले.

गप्प बसले, पण हात स्वस्थ बसेनात. दादा दुपारी झोपला की मी ताटलीतला स्पंज काढायची आणि अर्धं पाणी मोरीत ओतायची. त्याची उठायची वेळ झाली की स्पंज पुन्हा जागेवर. तीन दिवस केलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दादा वही घेऊन बसला, कपाळाला आठ्या. "रोज दुपारी ओल पडते. पासष्टवरून बावन्नवर येते. कुठून तरी बाहेर जातेय." त्याचं नाक, त्याचे डोळे, त्याची सव्वीस वर्षं. त्याला घरातली चोर दिसली नाही, हवेची भोकं दिसली. त्यानं चारांतली तीन भोकं चिकटपट्टी लावून बंद केली आणि दाराच्या फटीला रबर लावलं. काचेवर आतून घाम जमायला लागला.

मी बघत होते. "काढ ती पट्टी" एवढं म्हणायचं होतं, तीन शब्द. आयुष्यात तीन हजार शब्द मी विनाकारण बोलले असतील. पण ते बोलायचं तर स्पंजाचंही सांगावं लागलं असतं, आणि त्याचं तोंड पुन्हा तसं पडलेलं बघावं लागलं असतं. अठराव्या दिवशी विजेरी धरली तेव्हा पोकळी रुपयाएवढीच दिसली. दादा म्हणाला, "कशी गच्च भरलीत बघ." मी म्हणाले, "हो ना." त्या "हो ना"साठी मला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती.

एकविसावा दिवस तसाच गेला. बाविसाव्या दिवशी सकाळी दोन अंड्यांना बारीक टोचे दिसले, आतून चिवचिव आली. बाकीची सतरा मुकाट. दुपारपर्यंत मुकाटच. माझ्याच्यानं राहवेना. मी खाद्यवालीकडे धावत गेले आणि ह्या वेळी सगळं सांगितलं, स्पंज, चिकटपट्टी, सगळं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "बाकीच्यांची आशा सोडा. टोचलेली दोन वाचवा. आता ओल सत्तर पाहिजे आणि दार अजिबात उघडू नका. चोच बाहेर आली की आतला पापुद्रा वाळतो आणि पिल्लाला आवळून टाकतो. मग त्याला फिरता येत नाही."

घरी आले तर दादा अंगणात वर्तमानपत्र पसरून उकिडवा बसलेला. त्यानं गप्प असलेली सगळी अंडी एकेक करून फोडली होती. कागदावर सतरा पिल्लं ओळीनं ठेवलेली. पूर्ण तयार. चोच, नखं, उघड्या मानेची गुलाबी कातडी. आणि सगळी फुगलेली, ओली, चिकट पाण्यात लडबडलेली.

"हे बघ," तो म्हणाला. "पाण्यात मेलीत. मी ह्यांना कापडासारखं ठेवलं."

मी पिल्लं मोजत उभी राहिले.

"अंडं सुकायला हवं होतं ना?"

"हो."

त्यानं मान वर केली. मी "हो" फार पटकन म्हणाले होते. "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"दहाव्या दिवसापासून."

"दुपारी ओल पडायची ती..."

"मीच पाणी काढायचे."

"आणि मी भोकं बुजवली." त्यानं वाऱ्यानं उलटलेलं कागदाचं टोक सरळ केलं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. खाद्यवाली म्हणते म्हणून..."

"ते बोलणं? पाणी अर्धा तास उशिरा आलं तर त्या माणसाच्या सात पिढ्या काढतेस. आणि माझ्याशी असं, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं?"

"तुला वाईट वाटलं असतं, दादा. तू जेवला नव्हतास."

"दोन दिवस जेवलो नसतो! तिसऱ्या दिवशी जेवलो असतो!" तो ओरडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडला. "मेलेल्या माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही, तसं चाललंय तुझं अकरा वर्षं. मी मेलोय का गं?"

  तेवढ्यात आतून चिवचिव ऐकू आली, अगदी बारीक, घासल्यासारखी. मी आत धावले. पेटीचं दार सताड उघडं. पाण्याची ताटली मोरीत पालथी पडलेली, स्पंज पिळून काठावर ठेवलेला. दादानं रागाच्या भरात पाण्याचा थेंबसुद्धा आत ठेवला नव्हता. टोचलेल्या दोन अंड्यांच्या फटीतला पापुद्रा कागदासारखा पांढरा पडत चालला होता.

आणि मग माझं तोंड सुटलं.

"अरे गाढवा!" मी तिथूनच किंचाळले. "पाणी कुठंय? आता हवंय पाणी! अठरा दिवस नको होतं तेव्हा पूर आणलास, आणि आता दोघांना थेंब हवा तर वाळवंट करून बसलास? वाळतायत ती आत, आवळतायत! सत्तर लागते आता, सत्तर! तिथं मेलेल्यांपुढं काय बसलायस पालथ्या घड्यासारखा? सव्वीस वर्षं काय माशा मारल्यास गिरणीत? ऊठ आधी!"

हे दारात चहाचा कप घेऊन उभे होते, ते कपासकट मागं सरकले.  दादा उठला आणि अक्षरशः धावत आला.

त्याचे हात कसे चालले ते मी पाहिलं. कोमट पाणी, सगळ्यांत पसरट ताट, माझ्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या, त्यांचं एक टोक पाण्यात आणि दुसरं पंख्यासमोर टांगलेलं. चिकटपट्ट्या ओरबाडून काढल्या. दार लावलं. मिनिटभरात ओल चढायला लागली, दादा थर्मामीटर बघून आकडे म्हणत गेला. चाळीस, पंचावन्न, बासष्ट, सत्तर. तिथं त्यानं एक चिंधी बोटभर वर ओढली आणि ओल सत्तरवर थांबली. मग आम्ही दोघं काचेपुढं जमिनीवर बसलो.

मी थांबले होते. तो काचेवरची नजर न काढता म्हणाला, "गप्प का झालीस? बोल."

मग बोलले. सगळं बोलले. पंखा विचारून लावतोस त्याचा मला राग येतो. वहिनीच्या आठवणीनं भिंतीकडे तोंड करून झोपतोस आणि मला वाटतं मीच काहीतरी केलं. अकरा वर्षं झाली तरी ट्रंकेत कपडे ठेवतोस, कपाटात जागा केलीय ती काय उंदरांसाठी? तो मान हलवत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "आणि तू भाजी खारट करतेस. अकरा वर्षं."  मागून हे म्हणाले, "अकरा कुठली, चौतीस." मला हसूही आलं आणि रडूही आलं.

एका अंड्यातली चिवचिव चारच्या सुमाराला थांबली. आम्ही दोघांनीही ते ऐकलं. दादानं दाराला हात लावला नाही, मीही लावला नाही. दुसऱ्याला मात्र फटीभोवती टोचे पडत गेले, गोल, सुरीनं कापल्यासारखे. उन्हं कलली तेव्हा टोपी उघडावी तसं अंड्याचं टोक सरकलं आणि ते बाहेर आलं. ओलं, थकलेलं, उघड्या मानेचं. पडल्या पडल्या मोठमोठ्यानं ओरडायला लागलं. उत्तर द्यायला आत दुसरं कुणीच नव्हतं.

नर निघो की मादी, एकट्यानं वंश चालत नाही. हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं. पिल्लाचं अंग सुकत आलं तेव्हा त्यानं विचारलं, "संपली ना गं आईची जात?"

जिभेवर आलं होतं, की असं कसं म्हणतोस, बघू, होईल काहीतरी.

"संपली, दादा," मी म्हणाले. "तुझ्यामुळं संपली आणि माझ्यामुळं संपली."

"हो," तो म्हणाला. मग तोंडावर पंचा घेऊन रडला, आणि मी त्याला उगी उगी म्हटलं नाही.